आधी देणं, मग गाणं

आजचे वाचन : लेवीय १९:९-१३, अनुवाद २६:१-११



परवा रात्री माझ्या भाचीचा पुण्याहून फोन आला. ती एका कंपनीत नुकतीच नोकरीला लागली आहे. तिथे अमेरिकेतल्या लोकांबरोबर काम चालतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी त्यांच्याकडे शांतता. ‘थँक्सगिव्हिंग’ची सुट्टी. भाची म्हणाली, “मामा, ते लोक वर्षातून एकदा सगळं घर गोळा करतात, एकत्र जेवतात, देवाचे आभार मानतात. किती छान ना! आपल्यात असं काहीच कसं नाही?”

मला हसू आलं. म्हणलं, “अगं, तू लहानपणी आष्टीला येऊन ज्या दिवशी पोट फुटेस्तोवर शिरा खायचीस, तो दिवस कोणता होता मग?”

ती क्षणभर गप्प झाली. “ती आजीची उपकारस्तुती?”

“तीच.”

आज त्या उपकारस्तुतीबद्दलच मनन करू या. आष्टी म्हटलं की बहुतेकांना बीडची आष्टी आठवते. आमची आष्टी जालना जिल्ह्यातली, परतूर तालुक्यातली. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याच्याकडे मोसंबी. आमचं तीन एकर कोरडवाहू. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, कापसाच्या एक-दोन वेचण्या झाल्या की आमच्या घरी उपकारस्तुतीची सभा असते.

मराठवाड्यातल्या, नगरकडच्या मंडळ्यांमध्ये सुगीचा सण तुम्ही पाहिला असेल. कोणी ज्वारी आणतं, कोणी डझनभर अंडी, कोणी पाय बांधलेली कोंबडी, कोणी परसातला भोपळा. वेदीपुढे ढीग लागतो. उपासना झाली की लिलाव. एकच भोपळा तीनदा विकला जातो, कारण घेणारा पैसे देतो आणि भोपळा परत ढिगात ठेवतो. लहानपणी मला त्या लिलावाची भारी मजा वाटायची. घरची उपकारस्तुती म्हणजे तोच सण, पण अंगणातला. पेटी, ढोलकी, टाळ, रेव्हरंड ना. वा. टिळकांची दोन-तीन भजनं, शास्त्रवाचन, प्रार्थना आणि शेवटी पंगत.

या सणात आमच्या आजीनं एक नियम घातला होता. तो तिनं शिकवला, पण मी त्याच्यामुळे आधी मान खाली घातली, हे सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ कळणार नाही. म्हणून सांगतो.

गोष्ट २००७ सालची. मी बावीस वर्षांचा होतो. बाबांना तापानं धरलेलं, म्हणून कापसाचा हिशोब त्या वर्षी माझ्याकडे आला. वेचणीला सात-आठ बाया होत्या. किलोमागे मजुरी. रोज संध्याकाळी काट्यावर माप करायचं, वहीत लिहायचं आणि आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी पैसे वाटायचे. कापूस विकला गेला होता. पैसे घरात होते. पण सभा जवळ आलेली. मला वाटलं, यंदा सगळं माझ्या हातात आहे तर जरा थाटात करू. मंडप सांगितला, माईक सांगितला, मटण सांगितलं. चार दिवसांची मजुरी त्यात गेली. मनाशी म्हणलं, देवाचंच तर काम आहे. सभा झाली की लगेच उरलेला कापूस घालू आणि बायांचे पैसे देऊ.

सभा सुरू झाली. माईकवर मी स्वतः गीत धरलं होतं. दुसऱ्या कडव्याला माझं लक्ष अंगणाच्या कडेला गेलं. वेचणीला येणाऱ्यांपैकी एक मावशी निंबाच्या झाडाखाली उभी होती. आत येत नव्हती, बाहेरही जात नव्हती. पदर तोंडाशी धरलेला. तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी गाता गाताच हातानं खूण केली : उद्या.

मला वाटलं कोणी पाहिलं नाही. आजीनं पाहिलं.

ती पुढच्याच रांगेत बसली होती. उठली, पेटीवर हात ठेवला. सूर थांबला. सगळी सभा थांबली. आजी त्या मावशीकडे गेली आणि विचारलं, “काय गं, कामून आलीस?” ती म्हणाली, “काही न्हाई माय. उद्या बाजार हाय, घरात दाणा न्हाई. पोरगं म्हणलं होतं काल देतो.” “किती दिवसाचं?” “चार.”

आजी परत आली. माझ्यापुढे उभी राहिली. रागावली नाही. माईक चालूच होता, म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणाली, “पोरा, आधी देणं, मग गाणं.”

त्या दिवशी माझ्या खिशात फक्त पाळकांच्या प्रवासाचं पाकीट होतं. पाळकसाहेबांनीच ते माझ्या खिशातून काढून माझ्या हातात ठेवलं. मी ते नेऊन मावशीला दिलं. कमी पडले ते आजीनं कमरेच्या चंचीतून काढले. “जेवून जा,” मी म्हणलं. ती म्हणाली, “न्हाई, लेकरं वाट बघत्यात.” गेली. का थांबावं तिनं? तिच्याच पैशाच्या मटणाला तिला मी पाहुणी म्हणून बोलवत होतो.

प्रियांनो, त्या रात्री मला झोप आली नाही. आजीनं मात्र दिवा मोठा केला आणि पवित्र शास्त्र काढून लेवीय एकोणीसावा अध्याय माझ्याकडून वाचून घेतला. आपलं आजचं वाचन तेच आहे. आपण हा भाग सरव्यासाठी ओळखतो. कापणी करताना शेताचे कोपरे सोडा, खाली पडलेला सरवा वेचू नका, द्राक्षमळ्यातली गळालेली द्राक्षं गोळा करू नका. ते गरिबाचं आणि परक्याचं आहे. सुगीच्या सणाला यावर आपण कितीतरी संदेश ऐकले आहेत. पण आपण दहाव्या वचनाला थांबतो. आजीनं मला थांबू दिलं नाही. तिसऱ्याच वचनावर, म्हणजे तेराव्याला, देव म्हणतो की मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवून घेऊ नको.

बघा, सरवा आणि मजुरी एकाच दमात सांगितली आहे. आणि त्या दोहोंच्या मधे काय आहे? चोरी करू नका, फसवू नका, माझ्या नावाची खोटी शपथ वाहू नका. म्हणजे देवाच्या हिशोबात दुसऱ्याची मजुरी रात्रभर उशाखाली ठेवून झोपणं हे चोरीच्या शेजारी बसतं. आणि तेच पैसे घेऊन देवाचं नाव गाणं हे खोट्या शपथेच्या शेजारी बसतं. मी दोन्ही केलं होतं, माईक लावून.

आजीला हे वचन इतकं नेमकं कुठून सापडलं? ती काही शिकलेली नव्हती. मोठी झाल्यावर रविवारच्या शाळेत अक्षर ओळखू लागली, एवढंच. पण तिच्याजवळ १९७२ साल होतं. त्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. बाबा दहा वर्षांचे, तेही बरोबर. लाल मिलोची भाकर, कामावर मिळणारी सुकडी आणि हजेरीचे पैसे. आजी सांगायची, “खडी फोडून हात सोलायचे, त्याचं काही न्हाई. पण बाजाराच्या दिवशी मुकादम म्हणायचा, उद्या. त्या ‘उद्या’नं जीव जायचा. उद्या चूल पेटेल, पण आज रात्री लेकराला काय सांगू?” मी हातानं खूण केली तेव्हा तिला माझ्या हातात त्या मुकादमाचा हात दिसला.

आता अनुवाद सव्वीस बघू. इस्राएली माणसानं पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे आणायचं. रिकाम्या तोंडानं टोपली ठेवून परत जायचं नाही. तिथे उभं राहून आपली कहाणी सांगायची : आमचा पूर्वज भटका होता, मिसरात आम्ही गुलाम होतो, आमच्याकडून जुलमानं कामं करून घेतली, आम्ही ओरडलो, देवानं ऐकलं. म्हणजे टोपली हातात आली त्या दिवशी, जेव्हा हात रिकामे होते तो दिवस आठवायचा. आणि अकराव्या वचनात सांगितलंय की मग तू, लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा परका, तिघांनी मिळून आनंद करायचा.

आमच्या घरी दुरडी असते. त्यात कापसाची फुटलेली बोंडं, ओंजळभर सोयाबीन, तुरीच्या शेंगा, बाजरीचं एखादं कणीस. ती दुरडी हातोहात फिरते आणि घरातला मोठा माणूस कहाणी सांगतो. आधी आजी सांगायची. तिचा बाप निजामाच्या काळात वेठ करायचा. जमीन नव्हती, घराला दार नव्हतं. मग १९७२. मग बाबांनी पै-पै साठवून घेतलेले तीन एकर. लहान पोरांना कंटाळा येतो, दरवर्षी तीच गोष्ट. पण मला आता वाटतं, ही गोष्ट सांगितली नाही तर तीन एकरांत आम्ही मुकादम व्हायला वेळ लागत नाही. मला एक हंगाम पुरला.

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे, तुमच्यातल्या काहींनी पाहिली असेल. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वसवली. नाव ठेवलं याकोबाच्या गोष्टीतलं. ती गोष्ट तरी आठवा. बेथेलला दगडावर डोकं ठेवून झोपलेला याकोब देवाला नवस बोलतो : मला अन्नवस्त्र दिलंस, सुखरूप परत आणलंस, तर तू देशील त्याचा दहावा भाग तुला देईन (उत्पत्ती २८). आणि तो पस्तिसाव्या अध्यायात बेथेलला परत येऊन वेदी बांधतो. या नवसाच्या आणि वेदीच्या मधे कोण उभा आहे? एसाव. ज्याचा आशीर्वाद याकोबानं फसवून घेतला तो भाऊ. तेहतिसाव्या अध्यायात याकोब सात वेळा जमिनीपर्यंत लवतो, गुरंढोरं पुढे करतो आणि गयावया करून भावाला ती घ्यायला लावतो. बेथेलची वाट एसावाच्या दारावरून जाते, प्रियांनो. दुसरी वाट नाही.

भाचीनं अमेरिकेचं विचारलं म्हणून तिला तेही सांगितलं. १६२० साली एक जहाज प्लिमथला लागलं. शंभराच्या आसपास माणसं. पहिल्या हिवाळ्यात त्यातली जवळजवळ निम्मी मेली. तिथल्या वाम्पानोआग लोकांनी त्यांना जगायला मदत केली. तिस्क्वांटम नावाच्या माणसानं मका कसा लावायचा ते दाखवलं. १६२१ च्या सुगीला मेजवानी झाली, तेव्हा त्या लोकांचे नव्वदएक पुरुष पंगतीला होते. पण पुढच्या पिढ्यांनी ज्यांच्या हातून मका शिकला त्यांचीच जमीन गिळली. आज त्याच प्लिमथला, त्याच गुरुवारी, १९७० पासून मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. एकीकडे गाणं, एकीकडे रडणं. देणं राहिलं की असं होतं. पण त्यांना नावं ठेवायला आपण कोण? माझ्या अंगणातल्या निंबाखाली मीच एक शोकदिन उभा केला होता.

पुढच्या वर्षीपासून आजीनं नियम केला. सभेच्या आदल्या संध्याकाळी सगळं घर एकत्र बसायचं, वही काढायची. कोणाचं काय राहिलंय? वेचणीच्या बाया, ट्रॅक्टरवाला, दळणाची गिरणी, दूध, किराणा. शेजाऱ्याकडून आणलेली पहार, जी तीन महिने आपल्याच घरात आहे. प्रत्येकानं सांगायचं. जे देता येतं ते त्याच रात्री पोचवायचं. शिवाय धुऱ्याकडची कापसाची दोन तासं वेचायची नाहीत, ज्याला लागेल त्यानं न्यावीत. आणि पंगतीला पहिली ओळ वेचणीच्या बायांची, वाढणारे आम्ही. ती मावशी पहिल्या वर्षी आली नाही. दुसऱ्या वर्षी आली. बसली, जेवली. मी वाढायला वाकलो तेव्हा म्हणाली, “वाढ की, हात कामून आखडतोस?” बस, एवढंच. पण मला क्षमा मिळाल्यासारखं झालं.

आता तुम्ही विचाराल, आणि काही जणांनी मला खरंच विचारलं आहे : देणं द्यायला पैसाच नसेल तर? मग आभार मानायचे नाहीत का?

२०१२ साली आमच्याकडे पाऊस रुसला. जालना जिल्ह्यात माणसांना टँकरनं पाणी, मग मोसंबीला कुठून? जिल्हाभर बागा वाळल्या. आमची फार नव्हती, चाळीस झाडं. बाबांनी ती पोरासारखी वाढवली होती. उन्हाळ्यापर्यंत सगळी सरपण झाली. कापूसही पदरात पडला नाही. त्या वर्षी बाबा म्हणाले, यंदा सभा नको. आजी म्हणाली, “सभा होईल. पण वही आधी.” बाबा चिडले. “वहीत काय बघू? द्यायला आहे काय?” आजी म्हणाली, “पैसे न्हाईत तर तोंड दाखव. जा, सांग की विसरलो न्हाई.”

बाबा गेले. किराणा, खताचं दुकान, आणि एक नातेवाईक. मी बरोबर होतो. एकानं चार माणसांत घालून पाडून बोललं. एकानं चहा पाजला आणि म्हणाला, पुढच्या हंगामाला अर्धं द्या. एक काहीच बोलला नाही. परत येताना बाबांचे डोळे भरलेले होते, पण पाठ सरळ होती. कितीतरी दिवसांनी ते रस्त्याच्या मधून चालत होते. त्याआधी दुकान चुकवायला बोळातून जायचे. आपल्या भागात कर्जापायी माणूस तोंड लपवतो, घरात कोंडून घेतो, कोणाशी बोलत नाही आणि मग काय होतं ते मी लिहायला नको. त्या दिवशी तोंड दाखवणं हेच आमचं देणं होतं. देवानं ते धरलं, असं मी मानतो.

त्या वर्षीच्या दुरडीत मोसंबीची एक वाळकी फांदी होती. आजीनं हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचायला सांगितला, अंजिराला फूल नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी परमेश्वराच्या ठायी आनंद, असं जिथे आहे तो. पिठलं-भाकरीची पंगत झाली. गाणं मात्र त्या वर्षीइतकं मोकळं मी कधी ऐकलं नाही.

आजी २०१६ साली प्रभूमध्ये झोपी गेली. शेवटच्या दिवसांत तिला कोणी ओळखू येईना. तरी एकदा माझा हात धरून म्हणाली, “दूधवाल्याचं दिलं का?” म्हणलं, दिलं माय. मग डोळे मिटले.

तुम्ही शहरात राहत असाल, शेत नसेल, दुरडी नसेल. तरी वही सगळ्यांची असते. घरकामाच्या ताईंचा थकलेला पगार आणि त्यांची सुट्टी. रिक्षावाल्याशी घातलेला खोटा वाद. भावाकडून घेतलेले पैसे, ज्यांचा विषय दोघंही काढत नाही. एखादी माफी, जी दहा वर्षं तोंडाशी येऊन परत जाते. नाताळ आता महिन्यावर आलाय. या आठवड्यात एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी बसून ती वही उघडा. लेकरांना बरोबर घ्या. त्यांचीही देणी असतात, मित्राचं पुस्तक, ताईची पेन्सिल. जे देता येतं ते द्या. जे येत नाही, तिथे तोंड दाखवा. मग पेटी काढा.

काल भाचीचा मेसेज आला. म्हणाली, “मामा, मी वही केली. तीन नावं निघाली. स्वयंपाकाच्या ताईंचे दोन महिन्यांचे वाढीव पैसे आजच दिले. रूममेटचं गाद्यांचं भाडं दिलं.” तिसरं नाव तिनं लिहिलं नव्हतं. मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तिचा दुसरा मेसेज आला : “तिसऱ्यासाठी प्रार्थना कर. फोन लावतेय.”

मी पाटावर बसलो होतो. ताट तसंच ठेवलं आणि प्रार्थना केली.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू दिलेल्या पिकासाठी, आणि ज्या हातांनी ते आमच्या घरी आलं त्या हातांसाठी आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांना आम्ही ‘उद्या’ म्हणालो, त्यांचे चेहरे आज आमच्यापुढे आण. देण्यासाठी हात मोकळा कर. हात रिकामा असेल तर त्यांच्या दारी जायचं धैर्य दे. जे आज स्वतः कोणाच्या दारी थकलेल्या मजुरीसाठी उभे आहेत, त्यांच्या जवळ तू उभा राहा. आणि मग आमच्या ओठांवर तुझं गीत ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.